डावीकडून तिसरे कोण?

कार्यक्रम संपतो, पाहुणे जेवून निघतात आणि रात्री दहानंतर माझ्या फोनवर फोटो येऊ लागतात. एकाच क्षणाचे सात-आठ, त्यातले दोन हललेले, काही उभे, काही आडवे. शेवटी एक निरोप: ‘मॅडम, वेबसाइटला टाकून द्या.’ सांगली-मिरज भागातल्या काही शिक्षण संस्था, वाचनालयं आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या वेबसाइट मी सांभाळते. निरोप पाठवणारी माणसं दिवसभर राबलेली असतात. खुर्च्या लावण्यापासून पाहुण्यांना स्टँडवर सोडण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलेलं असतं. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण फोटोत कोण आहे, तो कुठला आहे, कधीचा आहे, हे त्या निरोपात जवळजवळ कधीच नसतं.

माझं म्हणणं असं आहे की, संस्थेच्या वेबसाइटवर चढणारा प्रत्येक फोटो ही त्या संस्थेची नोंद आहे. इतिवृत्तात ठराव लिहिताना सूचक आणि अनुमोदक यांची नावं आपण गाळत नाही. फोटोलाही तीच शिस्त हवी. आणि जो मजकूर आहे तो मजकूर म्हणूनच वेबसाइटवर यावा, त्याचं चित्र करून चिकटवू नये. या दुसऱ्या मुद्द्यावर मी अधिक आग्रही आहे. का, ते पुढे सांगते.

या कामात येण्याआधी मी एका स्थानिक दैनिकात उपसंपादक होते. तालुक्याचे बातमीदार तेव्हा एसटीने पाकीट पाठवायचे. आत बातमीचे कागद आणि फोटो. फोटोच्या पाठीमागे पेन्सिलने नावं, ‘डावीकडून’ अशी सुरुवात करून. ज्या फोटोला ओळ नाही तो पानावर जात नसे, मग तो कितीही देखणा असो. आमचे वृत्तसंपादक पान सोडण्याआधी एकच प्रश्न विचारायचे, ‘डावीकडून तिसरे कोण?’ उत्तर नसेल तर फोन लावायचा. रात्री अकराला गावच्या सरपंचाला उठवून आम्ही नावं विचारलेली आहेत. वेबसाइटवर जागेची चणचण नाही, चार फोटोंऐवजी चाळीस लावता येतात. जागा वाढली तसा तो प्रश्न विचारणारा माणूस मात्र गायब झाला.

याचा परिणाम काय होतो हे सांगलीकरांना पुराच्या फोटोंवरून चांगलं ठाऊक आहे. कृष्णेची पातळी आमच्याकडे आयर्विन पुलापाशी मोजतात. पंचेचाळीस फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. २००५ ला पूर आला होता, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा आला. या तिन्ही पुरांचे फोटो आज एकमेकांत इतके मिसळलेत की, भिंतीवरची पाण्याची खूण कुठल्या वर्षाची हे सांगायला त्या गल्लीतलाच माणूस लागतो. एका संस्थेने ‘२०२१ चा महापूर’ या पानासाठी मला फोटोंची फोल्डर दिली. त्यातल्या एका फाइलचं नाव होतं ‘आयएमजी-२०२१०७२४-डब्ल्यूए००३१’. पाहणाऱ्याला वाटणार, २४ जुलै २०२१. पण व्हॉट्सअ‍ॅप फाइलच्या नावात जी तारीख घालतं ती फोटो फोनवर आल्याची असते, काढल्याची नसते. मी तो फोटो मोठा करून पाहिला. कमरेएवढ्या पाण्यात नाव, नावेत दोन म्हाताऱ्या आणि एक शेळी, आणि मागच्या खांबावर अर्धा बुडालेला फ्लेक्स. फ्लेक्सवर २०१९ च्या दहीहंडीची तारीख. म्हणजे कुणीतरी दोन वर्षांपूर्वीचा फोटो २०२१ च्या पुरात पुढे पाठवला, आणि तो २०२१ चा पुरावा म्हणून कायमचा वेबसाइटवर बसणार होता. मूळ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख-वेळ असते, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवला की ती माहिती गळून पडते, आणि फोटोही साधारण सोळाशे पिक्सेलपर्यंत आकसतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते, फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाका. आणि सोबत एक ओळ लिहा. पुरात घर गेलेल्या माणसाच्या दृष्टीने वर्ष चुकणं ही बारीक गोष्ट नाही. मदतीचा, पुनर्वसनाचा, पूररेषेचा सगळा वाद वर्षांवर आणि फुटांवरच चालतो.

आता ती ओळ कुठे लिहायची? वर्डप्रेसमध्ये फोटो मीडिया लायब्ररीत चढवला की शेजारी चार चौकटी दिसतात: ऑल्ट टेक्स्ट, शीर्षक, कॅप्शन आणि वर्णन. शीर्षकात फाइलचं नाव आपोआप येऊन बसतं, बाकीच्या तीन रिकाम्या राहतात. द्रुपल, जूमला किंवा गावातल्या कंत्राटदाराने बनवून दिलेलं साधं अ‍ॅडमिन पॅनल, थोड्याफार फरकाने तीच गोष्ट. माझ्याकडे सांभाळायला आलेल्या बहुतेक जुन्या वेबसाइटवर या चौकटी पहिल्यापासून शेवटपर्यंत कोऱ्या असतात. शतक ओलांडलेल्या संस्थेच्या लायब्ररीत ‘शिक्षक दिन’ शोधलं तर एकही फोटो हाती लागत नाही, कारण शोध चालतो तो शब्दांवर आणि शब्द कुणी लिहिलेलेच नाहीत. फोटो आहेत हजारोंनी.

या चौकटींतली सगळ्यात महत्त्वाची चौकट ऑल्ट टेक्स्टची, आणि तीच सगळ्यात दुर्लक्षित. ज्याला चित्र दिसत नाही त्याच्यासाठी चित्राऐवजी वाचला जाणारा हा मजकूर. अंध माणूस फोनवर टॉकबॅक किंवा संगणकावर एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर वापरतो. तो पानावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवतो. चौकट रिकामी असेल तर वर्डप्रेस ते चित्र शोभेचं आहे असं कळवतं आणि स्क्रीन रीडर त्यावरून गुपचूप पुढे जातो. तिथे काही होतं याचा पत्ताही ऐकणाऱ्याला लागत नाही. चित्राला लिंक असली तर मात्र तो बिचारा फाइलचं नाव अक्षर-आकड्यांसकट वाचत बसतो.

आमच्या ओळखीत एक संगीतशिक्षक आहेत, जन्मापासून दृष्टी नाही. फोन माझ्यापेक्षा वेगाने चालवतात. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख पाहायला ते एका शिक्षण संस्थेच्या वेबसाइटवर गेले आणि थोड्या वेळाने त्यांचा मला फोन आला. ‘ताई, महत्त्वाची सूचना असा मथळा ऐकू येतो, पण त्याखाली काहीच नाही. एकदम संस्थेचा पत्ता येतो. सूचना काढून टाकलीये का?’ मी पान उघडलं. सूचना होती, पूर्ण पानभर. लेटरहेडवर टाइप केलेली, सही-शिक्का मारलेली आणि मग टेबलावर ठेवून मोबाइलने फोटो काढून चढवलेली. कागद किंचित तिरका, वरच्या कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याच्या हाताची सावली. तारीख मधल्या परिच्छेदात होती. मी ती फोनवर वाचून दाखवली, सरांनी आभार मानले. ज्या संस्थेने ती तारीख जगजाहीर केली असं समजलं, तिच्याच वेबसाइटवर पोचूनही सरांना ती तिसऱ्या माणसाला विचारावी लागली. मला तेव्हा राग आला होता आणि तो अजून उतरलेला नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्यांची नोंद सुमारे पन्नास लाख आहे. पण चित्रातल्या सूचनेचा त्रास तेवढ्यांनाच होतो असं नाही. साठीतला शेतकरी अक्षर मोठं करायला जातो तेव्हा चित्र फुटतं. त्यातला फोन नंबर बोट दाबून लावता येत नाही, पुन्हा कागदावर उतरवून घ्यावा लागतो. कर्नाटकातून मिरजेला उपचारासाठी आलेल्या कुटुंबाला रुग्णालयाची मराठी सूचना कन्नडमध्ये फिरवून वाचायची असेल तर मजकूर एका क्षणात फिरतो, चित्राला खटपट करावी लागते. कुणी म्हणेल, हल्ली फोनचा कॅमेरा चित्रातली अक्षरंही ओळखतो. ओळखतो, पण तिरक्या कागदावरचे रफार, जोडाक्षरं आणि तक्त्यातले रकाने यांची गफलत होते, आणि शेवटची तारीख हा गफलत परवडणारा मजकूर नव्हे. शिवाय ही मेहनत वाचणाऱ्याने का करावी? लिहिणाऱ्याकडे मजकूर टाइप केलेला होताच की.

मग तो तसाच का टाकला नाही? यामागे आळस नाही, हे मी खात्रीने सांगते. कारण जुनं आहे आणि मराठी कार्यालयांत काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ऑफिसच्या संगणकावर श्रीलिपी, कृतीदेव असल्या घराण्यातले फॉन्ट आहेत. पडद्यावर ‘सूचना’ दिसतं, पण त्याखाली संगणकाच्या लेखी रोमन अक्षरांची भेळ असते. ती वेबसाइटवर चिकटवली की अगम्य चिन्हं उमटतात. एकदा कुणीतरी युक्ती काढली, प्रिंट काढून फोटोच टाकू. काम भागलं. पुढे तीच पद्धत पडली, आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवली जाऊ लागली. आता देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि आज प्रत्येक फोन मराठी लिहितो तो युनिकोडमध्येच. ज्या क्लार्क ताई दिवसभर नातेवाइकांच्या ग्रुपवर मराठीत निरोप लिहितात, त्यांना वेगळं काही शिकावं लागत नाही. तोच कीबोर्ड, तेच टायपिंग. जुने फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, फक्त बदलल्यावर एकदा वाचून घ्यावं लागतं, कारण ऱ्हस्व-दीर्घ आणि अर्धा ‘र’ इकडेतिकडे होतात.

सही-शिक्क्याचा मुद्दा मला पटतो. लोकांचा विश्वास शिक्क्यावर असतो, आणि खोट्या सूचना फिरतात त्या काळात तो असावाच. पण त्यासाठी मजकुराचा बळी द्यायची गरज नाही. वर पूर्ण मजकूर टाइप करून द्या, खाली ‘सही-शिक्क्याची प्रत’ म्हणून स्कॅन जोडा. मी सांभाळते त्या वेबसाइटवर हाच नियम आहे. कुरकुर झाली, पण शेवटच्या तारखेसाठी ऑफिसात येणारे फोन घटले हे क्लार्क मंडळींनीच नंतर सांगितलं.

कायदाही याच बाजूने उभा आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात माहिती सर्वांना पोचेल अशा रूपात देण्याची तरतूद आहे. सरकारी वेबसाइटसाठी २००९ पासून मार्गदर्शक सूचना आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. आमच्या भागातल्या किती विश्वस्तांना हे कुणी सांगितलं असेल? ज्यांना सांगितलं त्यांनी ऐकलं, हा माझा अनुभव आहे.

ऑल्ट टेक्स्ट लिहिणं अवघड नाही, पण त्यासाठी फोटोकडे नीट बघावं लागतं. एका शेतकरी कंपनीच्या पानासाठी मी हळदीचा फोटो तयार केला, त्याचंच सांगते. आलेली फाइल चार हजार पिक्सेल रुंद, वजन पाच एमबीच्या आसपास. वरचं निम्मं आकाश रिकामं होतं, ते कापलं. रुंदी बाराशेवर आणली, वजन दीडशे-दोनशे केबीत बसलं आणि डोळ्याला फरक दिसला नाही. मग ऑल्ट टेक्स्ट: ‘पत्र्याच्या शेडसमोर ताडपत्रीवर वाळत घातलेली हळकुंडं, दोन बायका दंताळ्याने ती पसरत आहेत.’ आणि कॅप्शन: ‘शिजवलेली राजापुरी हळद वाळवताना कंपनीच्या सभासद,’ पुढे त्या दोघींची नावं, गाव, मार्च २०२४. ऑल्टमध्ये दिसतं ते लिहायचं. कॅप्शनमध्ये जे फोटो बघूनही कळणार नाही ते. ‘हळदीचा फोटो’ एवढंच लिहिलं तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आणि ‘सांगली हळद उत्तम हळद स्वस्त हळद’ असं शोधयंत्राला खूश करायला लिहिलं तर ती ऐकणाऱ्याची फसवणूक आहे. कोपऱ्यातली वेलबुट्टी, दोन परिच्छेदांमधली नक्षी यांची चौकट मात्र मुद्दाम रिकामी ठेवायची. तिथे मौनच बरं.

नावं मिळवायला कंपनीच्या सचिवांनी दोन फोन केले. त्या दोघींपैकी एकीने आपलं नाव वेबसाइटवर पाहिलं, नातवाकडून मोठं करून घेतलं आणि गावात दाखवलं. पाहुण्यांची नावं आपण पदव्यांसकट लिहितो आणि राबणाऱ्या बायकांच्या फोटोखाली ‘महिला काम करताना’ एवढंच लिहून मोकळे होतो. ही सवय मोडायला वेळ फक्त दोन फोनांचा लागतो.

फाइलच्या नावाचंही थोडं सांगते. फाइलला मराठी नाव देण्याचा मोह मलाही होतो, पण वेबपत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरांचं होऊन बसतं. ‘गणेशोत्सव’ एवढ्या शब्दाची एक्क्याऐंशी अक्षरं होतात, आणि असा पत्ता कुणाला पाठवला की मध्येच तुटतो. म्हणून फाइलचं नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत, शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन ठेवावं. विषय, गाव, महिना, वर्ष. मराठीसाठी चारही चौकटी मोकळ्या आहेत.

वजनाबद्दल वर्डप्रेसवाल्यांना थोडा दिलासा आहे. वर्डप्रेस फोनला छोटी आवृत्ती पाठवतं, आणि २०१९ पासून साधारण अडीच हजार पिक्सेलपेक्षा मोठा फोटो स्वतःच लहान करतं. स्थानिक पॅनल मात्र आलेली फाइल जशीच्या तशी चढवतात. अशा पानावर पाच एमबीचे वीस फोटो म्हणजे शंभर एमबी, आणि ते उघडणारी विद्यार्थिनी दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर अभ्यास करत असते. तिच्या पैशातून आपण आपला समारंभ दाखवतो आहोत याचं भान ठेवावं.

फोटो कापण्याची गोष्ट याहून गंभीर वाटते मला. वर्डप्रेस यादीसाठी दीडशे बाय दीडशेचा चौकोनी तुकडा काढतं आणि तो मधोमध कापतं. बक्षीस समारंभाच्या फोटोत मधोमध असतात अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे. बक्षीस घेणारी मुलगी कडेला असते. चौकोनात ती जाते, कधी नुसता हात उरतो. मी हा तुकडा प्रत्येक वेळी हाताने पुन्हा कापते. मिनिटभराचं काम. खरं तर निवडतानाच हे ठरायला हवं. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ यांचे फोटो दरवर्षी सारखेच येतात. मुलीने प्रयोगवहीत काय केलं, वाचनालयात कोणत्या टेबलावर कोण वाचत बसलंय, हे दरवर्षी वेगळं असतं, आणि वीस वर्षांनी कुणी शोधलं तर तेच शोधेल.

मुलांच्या फोटोंबाबत मी कुणाचीही भीड ठेवत नाही. फोनवर लोकेशन चालू असेल तर फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश असतात, आणि मूळ फाइल तशीच चढवली की ते कुणालाही काढता येतात. मुलींच्या वसतिगृहाचे फोटो अशा माहितीसह उघड्यावर असलेले मी पाहिलेत. चढवण्याआधी ती माहिती पुसून टाकावी; फोटो लहान करणाऱ्या बहुतेक साधनांत तशी सोय असते. पालकांची लेखी संमती प्रवेशाच्या वेळीच घ्यावी आणि ‘नको’ म्हणणाऱ्याची नोंद वर्गशिक्षकांकडे असावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलंय आणि पालकांच्या संमतीची अट घातली आहे. मुलांची पूर्ण नावं, इयत्ता आणि तुकडी एकत्र देण्याची गरज क्वचितच असते. मोठ्यांची नावं हवीतच असा माझा जेवढा आग्रह आहे, तेवढाच मुलांची नावं राखून ठेवण्याचा आहे.

यंत्राकडून वर्णन लिहून घेण्याची सोय आता सगळीकडे आली आहे. मी ती वापरून पाहिली. ‘व्यासपीठावर उभे असलेले लोक’ असं ते लिहितं आणि ते खोटं नसतं. पण निवृत्त होणाऱ्या ग्रंथपाल बाई त्यात कोणत्या, हे त्याला ठाऊक नाही. ते ठाऊक असलेला माणूस त्या दिवशी सभागृहात होता. म्हणून फोटोओळ लिहिण्याचं काम माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाचं नाहीच. ते तिथे हजर असणाऱ्या शिक्षकाचं, ग्रंथपालाचं, सचिवाचं आहे, आणि त्याच संध्याकाळी करायचं आहे. मी ती तपासेन, शुद्ध करीन, चौकटीत बसवीन.

संस्थांच्या वेबसाइटची देखभालीची कंत्राटं बहुतेक एप्रिलमध्ये नव्याने होतात. कार्यकारी मंडळांनी यंदा करारात तीन कलमं घालावीत, अशी माझी विनंती आहे. ऑल्ट टेक्स्ट आणि फोटोओळ नसलेला फोटो प्रसिद्ध होणार नाही. कोणतीही सूचना फक्त चित्ररूपात दिली जाणार नाही. आणि जुन्या फोटोंपैकी दर महिन्याला ठरावीक फोटोंच्या ओळी लिहून घेतल्या जातील, त्यासाठी संस्थेचा एक माणूस जुन्या शिक्षकांकडे, जुन्या सभासदांकडे फोटो घेऊन जाईल. या तिसऱ्या कामाला प्रवासखर्च मंजूर करावा लागेल. तो फार नसतो, आणि १९६०-७० च्या दशकातल्या गटफोटोंमधले चेहरे ओळखणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यामुळे हा ठराव पुढच्या सभेवर ढकलू नये.